साज आणि छत्री

‘माझी मैना गावावर राहिली’ हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं गाणं आहे, एवढंच कानावर असलेला माणूस ते पहिल्यांदा ऐकायला बसला, की त्याची बराच वेळ पंचाईत होते. बावटा दिसत नाही, घोषणा ऐकू येत नाही, शत्रूचा पत्ता नाही. एक गडी आपल्या बायकोचं कौतुक करत बसलाय. तिचा बांधा, तिचा गव्हाळ रंग, रेखीव भुवया, हळू चालणं, हसून बोलणं. त्याला कसली म्हणून घाई नाही. मग गरिबी येते, ताटातूट येते, मुंबई येते, पाऊस येतो. त्या पावसात गडी नखशिखांत भिजतो, खिशात पाणी साठतं, कारण त्याच्याकडं छत्री नाही. लढा अजून आलेलाच नसतो.

ती छत्री माझ्या मनातून जात नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी तिथं भूक घातली असती तर कुणी थबकलं नसतं. भूक त्या काळचे सगळेच शाहीर गात होते. छत्रीची उणीव ही फार बारीक, जवळजवळ लाजिरवाणी गोष्ट आहे. मोर्च्यात तिची मागणी कोण करणार? पण मुंबईचा पाऊस ज्यानं अंगावर घेतला आहे त्याला तिची किंमत कळते. पहाटे गिरणीच्या दाराशी बदली कामगार म्हणून उभं राहायचं, आज साच्यावर घेतात की परत पाठवतात हे मुकादमाच्या तोंडाकडं बघून ओळखायचं, आणि वरून धार. आत घेतलं तर ओल्या कपड्यानिशी दिवस काढायचा, नाही घेतलं तर तसंच दुसऱ्या दाराशी जायचं.

आणि याच गड्यानं थोड्याच ओळींपूर्वी बायकोला काय काय कबूल केलेलं असतं! पहाटेची वेळ, भाकरतुकडा बांधून झालेला, ती त्याला घालवायला गावदरीपर्यंत आलेली. तिथं तिचा चेहरा उतरतो. तिला हसवायचं म्हणून हा दागिन्यांची यादी सुरू करतो. शिंदेशाही तोडे आणीन, कोल्हापुरी साज आणीन, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, कानात, दंडात, पायांत, आणि नाकात नथ. ही यादी ऐकताना मजा वाटते, आणि मग जरा वेळानं पोटात तुटतं. वज्रटीक, पुतळ्यांची माळ हे काही मोलमजुरी करणाऱ्याच्या घरातले दागिने नव्हेत. ते पाटलाच्या, इनामदाराच्या घरच्या लग्नात दिसणारे. यादी करणाऱ्यानं हे सगळं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर पाहिलं आहे, लांबून, पण नीट पाहिलं आहे. म्हणून त्याला प्रत्येक दागिना नावानिशी आणि जागेनिशी ठाऊक आहे. बायको काही खुलत नाही. तिला बहुधा हिशेब कळतो.

साज देईन म्हणून निघालेल्याला मुंबईत छत्री मिळत नाही. सगळं गाणं या दोन वस्तूंमधल्या अंतरात उभं आहे, असं माझं मत आहे. लढ्याची गाणी सहसा समोरच्यानं मोडलेल्या वचनाबद्दल बोलतात. इथं पहिलं वचन गाणाऱ्यानंच दिलं आहे, आणि ते आपल्याच्यानं पाळवलं नाही हे तो हजारोंच्या सभेत सांगतो आहे.

गाणाऱ्याला हे सांगायचा अधिकार होता. तुकाराम भाऊराव ऊर्फ अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा, वाटेगावचा. तालुका वाळवा, जिल्हा तेव्हाचा सातारा, आताचा सांगली. मातंग समाजातलं घर. शाळेत गेले ते दीड दिवस, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब मुंबईला आलं ते चालत. वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम करत. भायखळ्याची चाळ, मग हमाली, हरकामं, गिरणी. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमांची पोस्टरं वाचत. गावाकडं काही काळ परतले तेव्हा चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात उभे राहिले. गण, गौळण, बतावणी, वग हा सगळा जामानिमा तिथं हाताखालून गेला. पुढं मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्टांच्या संगतीत आले आणि जुना तमाशा नव्या कामाला लागला. १९४३मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. व्होल्गाकाठची लढाई डफावर, मराठी रांगड्या चालीत! १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

अमर शेख हे मूळचे बार्शीचे, मेहबूब हुसेन पटेल. वाटेगावचा मातंग आणि बार्शीचा मुसलमान, दोघेही कष्टकरी, दोघांनीही पडेल ते काम केलेलं, आणि दोघांनी मिळून मराठी राज्याचं गाणं महाराष्ट्रभर नेलं. ‘माझी मैना’ लिहिली अण्णाभाऊंनी, पण मैदानावर तिला घरोघरी पोचवणारा गळा अमर शेखांचा. त्या गळ्याबद्दल जुने लोक बोलायला लागले की थांबत नाहीत. पहाडी, खडा आवाज. दोघं गेलेही एकाच वर्षी, १९६९मध्ये, दीडेक महिन्याच्या अंतरानं. अण्णाभाऊ जुलैत, अमर शेख ऑगस्टअखेरीस.

वाळवा तालुक्याचं इथं जरा विषयांतर करतो, कारण ते मोह पाडणारं आहे. याच तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचं गाव आहे आणि ते पठ्ठे बापूरावांचं गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्मानं ब्राह्मण, सगळं सोडून तमाशात गेले आणि नर्तकी पवळाबरोबर त्यांनी फड गाजवला. बापूरावांनी मुंबईवर लावणी केली. तिच्यात मुंबई म्हणजे थेट रावणाच्या लंकेच्या तोडीची; दिवे, माड्या, बाजार, झगमगाट. अण्णाभाऊंनी पुढं आपली मुंबईची लावणी लिहिली आणि एका अर्थी शेजारगावच्या बुजुर्गाला उत्तर दिलं: त्या दिव्यांखाली कोण झोपतंय तेही बघा. मलबार हिलही आली आणि फोरास रोडही आला. दोन्ही लावण्यांतलं शहर एकच. बापूराव तिथं फड घेऊन आले, अण्णाभाऊ वळकटी घेऊन. ‘माझी मैना’तली मुंबई या दुसऱ्या लावणीची सख्खी बहीण आहे. लाचखाऊ, ऐतखाऊ, शिरजोर, सगळ्यांची वर्दी लावत लावत गडी कामाच्या मागं पळतो.

‘माझी मैना’ ही छक्कड आहे. छक्कड म्हणजे लावणीचाच एक प्रकार. ठसकेबाज, पळती, एका यमकावर पुष्कळ वेळ धावणारी. धृपद झालं की शाहीर लहान लहान तुकडे एकामागून एक टाकत जातो, ढोलकी त्याच्या टाचेशी असते, ऐकणाऱ्याचा श्वास कोंडतो, आणि मग एकदम मोकळं होऊन तो धृपदावर येतो. मागचे झीलकरी ते उचलून धरतात. या गाण्यात ते धावतं यमक ‘ची’चं आहे. तारीफ बायकोची, वेळ पहाटेची, यादी दागिन्यांची, गर्दी बेकारांची, उणीव छत्रीची, आणि त्याच धावेत, कुठंही टाका न दिसता, चळवळ संयुक्त महाराष्ट्राची. यमक बदलत नाही, लय बदलत नाही, म्हणून विषय बदलल्याचं कळायच्या आत बदललेला असतो. परळ, लालबाग आणि फाउंटन यांची नावं येतात आणि ऐकणाऱ्याला कळतं, की आपण हसत हसत मोर्च्यात सामील झालो आहोत. यातली कारागिरी मला अफाट वाटते. षष्ठी विभक्ती ही मालकी सांगणारी विभक्ती, आणि त्या वेळी सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी एकच भांडण होतं: मुंबई कुणाची? अण्णाभाऊंनी हे ठरवून केलं की कानानं करवलं, कोण जाणे. तमाशात वाढलेल्या कानाला फार ठरवावं लागत नाही.

गाण्यावर तारीख नाही, पण पोटात खुणा आहेत. गावाकडच्या मैनेची भेट नाही, आणि तीच गत तुकडे पडलेल्या महाराष्ट्राची झाली, असं म्हणून शाहीर पुढं द्विभाषिकाच्या संगिनीवर येतो. गुजरात आणि महाराष्ट्र यांचं थोरलं द्विभाषिक मुंबई राज्य सुरू झालं १ नोव्हेंबर १९५६ला आणि संपलं १ मे १९६०ला. गाणं या मधल्या काळात, म्हणजे जखमा ओल्या असताना, तोंडोतोंडी झालं. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला आणि १५ जण गेले. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली तेव्हा गिरणगावात आगडोंब उसळला आणि गोळ्या पुन्हा चालल्या. लढ्याचे हुतात्मे १०६ असं आपण म्हणत आलो. यातले कितीतरी असेच, गाळ्यात राहून गावाला मनीऑर्डर करणारे.

वचनाचा मुद्दा इथं परत येतो. भाषावार प्रांताचं आश्वासन आकाशातून पडलेलं नव्हतं. काँग्रेसनं १९२०मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्याच भाषेप्रमाणं लावून घेतल्या होत्या. स्वातंत्र्य येईपर्यंत ते धोरण मिरवलं. स्वातंत्र्य आल्यावर आधी दार आयोग, मग नेहरू-पटेल-पट्टाभींची समिती, आणि दोघांचाही सूर एकच: सध्या नको. १९५५मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला त्यातही मराठी माणसाच्या वाट्याला द्विभाषिकच, वर विदर्भ वेगळा. गावदरीवर दागिन्यांची यादी ऐकणाऱ्या बाईचा चेहरा आठवावा अशीच ही अवस्था. फरक एवढाच की नवऱ्याची ऐपत नव्हती, सरकारची दानत नव्हती.

सभेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. गिरणगावच्या त्या काळच्या खोलीची कल्पना केली पाहिजे. दहा बाय बाराची खोली, एका गावचे पंधरा-वीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच्याच जागेवर आडवा होणार. जेवण खानावळीत. बायका गावी, शेताच्या तुकड्यावर, सासूच्या हाताखाली. भेट शिमग्याला, गणपतीला, गावच्या जत्रेला. अशा माणसाच्या पुढं डफ वाजवून ‘राज्य पुनर्रचना’ म्हटलं तर तो हं म्हणेल आणि तंबाखू मळेल. ‘मैना गावावर राहिली’ म्हटलं, की तो मान वर करतो. तुमच्या बायकोपासून तुम्हाला ज्यानं तोडलं आहे त्यानंच बेळगाव तोडलं आहे, असं शाहिरानं उघड म्हटलेलं नाही. दोन्ही एका यमकात ठेवून दिलं आणि बाकीचं त्या माणसावर सोडलं.

कम्युनिस्टांच्या फडात भाषेच्या राज्याचं गाणं कसं, असा प्रश्न पुस्तकी लोकांना पडतो. स्टालिनग्राडसाठी पोवाडा गाणारा माणूस उंबरगावसाठी कशाला रडतो? माझ्या समजुतीप्रमाणं अण्णाभाऊंना यात काही विसंगती दिसत नव्हती. मुंबईचे मालक वेगळे आणि मुंबई चालवणारे वेगळे, हे त्यांना गिरणीच्या दाराशी रोज दिसत होतं. भाषेचं राज्य म्हणजे ज्याच्या घामावर शहर उभं आहे त्याला शहराच्या दप्तरात जागा. सरकारला हा अर्थ चांगला कळला होता; कलापथकावर बंदी आली ती काही गळ्यातल्या सुरांमुळं नव्हे. तमाशावर अश्लीलतेच्या नावानं बंधनं आली तेव्हा वगाला ‘लोकनाट्य’ म्हणून उभं करण्यात अण्णाभाऊंचा मोठा हात होता. गणात गणपतीच्या जागी त्यांनी मायभूमीला, शिवरायांना, हुतात्म्यांना वंदन आणलं. सोंग तेच, देव बदललेले.

मग राज्य झालं. १ मे १९६०. मुंबई मिळाली. गाण्यात नाव घेतलेल्या जागांची यादी मात्र काढून बघण्यासारखी आहे. बेळगाव, निपाणी, कारवार १९५६लाच म्हैसूर राज्यात गेले होते, ते तिथंच राहिले. डांग आणि उंबरगाव गुजरातला गेले. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला १९६६मध्ये, अहवाल पुढच्या वर्षी आला, तो महाराष्ट्रानं मानला नाही. २००४मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. दर १ नोव्हेंबरला बेळगावात मराठी माणसं काळा दिवस पाळतात. गाण्यात गोवाही आहे, आणि त्याची गोष्ट वेगळी. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला आणि १६ जानेवारी १९६७ला तिथल्या लोकांनी मत देऊन सांगितलं, की आम्हाला महाराष्ट्रात यायचं नाही. शाहिरानं आपलं म्हणून ज्याला हाक मारली त्यानं शांतपणे नकार दिला. हा नकार आपण मराठी लोकांनी फारसा मनाला लावून घेतला नाही, नीट ऐकलाही नाही. गाण्यावर त्याचा दोष नाही. पण १ मेला हे गाणं म्हणताना त्या एका नावाशी माझी जीभ जरा अडखळते.

आणखी एका जागी अडखळते. मालकी दुसऱ्यांची, अशी तक्रार गाण्याच्या शेवटाकडं आहे. अण्णाभाऊंच्या मनातले दुसरे म्हणजे पैसेवाले आणि त्यांच्या बाजूनं संगीन उगारणारं राज्य. राज्य होऊन सहा वर्षं झाली आणि १९ जून १९६६ला शिवसेना निघाली. गिरणगावातलाच मराठी तरुण तिकडं वळला, आणि ‘दुसरे’ या शब्दाखाली आता दाक्षिणात्य कारकून, उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या, पुढं टॅक्सीवाला भय्या असे लोक आले. त्यातल्या प्रत्येकाची मैना कुठंतरी गावावर होती. जून १९७०मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि ज्या वस्तीनं ‘माझी मैना’वर टाळ्या दिल्या होत्या तिचा रंग पालटला. अण्णाभाऊ आणि अमर शेख हे बघायला नव्हते.

भय्यांचा विषय निघालाच आहे तर भिखारी ठाकूरांचं ‘बिदेसिया’ आठवतं. बिहारच्या सारण जिल्ह्यातला हा कलावंत, जातीनं न्हावी, अण्णाभाऊंहून एका पिढीनं थोरला. तिथंही नवरा पोटासाठी परमुलखात जातो, कोलकात्याला, आणि बायको गावावर राहते. पण ‘बिदेसिया’त बायको बोलते. वाटसरूला थांबवते, त्याच्याकडून निरोप धाडते, नवऱ्याची खरडपट्टी काढते. आपली मैना गाणं संपेपर्यंत एक अक्षर बोलत नाही. उतरलेला चेहरा, रुसलेले डोळे आणि उंचावलेला हात, एवढंच तिचं. शाहिरानं तिला सोन्यात मढवली, उपमांत मढवली, शेवटी महाराष्ट्र करून टाकली, पण तिला एक वाक्य दिलं नाही. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांतल्या बायका अशा मुक्या नाहीत. ‘चित्रा’ वाचा, ‘वैजयंता’ वाचा. मग इथंच का? कदाचित छक्कडीचा बाजच असा, की बोलणारा एक आणि बाकीचे झील धरणारे. कदाचित बायको बोलली असती तर दागिन्यांची यादी ऐकून तिनं विचारलं असतं, की यातलं काय परवडेल ते सांगा. आणि गाणं तिथंच संपलं असतं.

तिचं म्हणणं ऐकायचं तर जात्यावर जावं लागतं. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. पहाटेच्या काळोखात, पीठ पडता पडता म्हटलेल्या. सासरमाहेर, भाऊ, नवरा, मजुरी, सगळं त्यात. मैना गप्प होती असं म्हणायचं कारण नाही, तिचा फड वेगळा होता. आणि ज्या मैना गावावर न राहता मुंबईला आल्या, त्यांच्यातल्या कित्येकींनी खानावळी चालवल्या, वीस-वीस गड्यांच्या भाकऱ्या थापल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला. त्यांचं गाणं कुणी केलं नाही.

मैनेची आणि गड्याची भेट झाली का? झाली; पण ती कशी झाली ते शाहिराला सुचलं नसतं. १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. महिने गेले, उधारी वाढली, खानावळी बंद पडल्या, आणि हजारो गडी ट्रंक उचलून एसटीनं गावी आले. ज्या भेटीसाठी शिमग्याची वाट बघायची, ती एकाएकी बारमाही झाली. पन्नाशीतला नवरा पडवीत बसलेला, हाताला काम नाही, साच्याचा आवाज कानात भरून राहिल्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय, आणि बायको त्याच्याशिवाय पंचवीस वर्षं घर हाकलेली. कितीतरी घरांत त्या दोघांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागला. साताऱ्याकडं, कोकणात अशा घरांबद्दल ऐकलं आहे. त्यात विरहाचं काव्य फार नव्हतं.

गाणं पुढं चालत राहिलं. शाहीर विठ्ठल उमपांनी ते आपल्या गळ्यात घेतलं आणि नंतरच्या पिढ्यांना बहुतेक त्यांच्यामुळंच माहीत झालं. आता १ ऑगस्टच्या जयंतीला, १ मेच्या कार्यक्रमाला ते असतंच. कधी डफावर, कधी कीबोर्डवर, कधी मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरमधून. सप्टेंबर २०२२मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. स्टालिनग्राडच्या पोवाड्याची पोच इतकी उशिरा मिळाली. मला खटकतं ते इतकंच, की अलीकडं बऱ्याच ठिकाणी गाणं गावदरीशीच थांबवतात. रूपवर्णन, दागिने, निरोप, टाळ्या. मध्यंतरी एका कार्यक्रमात शाहीर मुंबईत शिरतो न शिरतो तोच संयोजकांनी विंगेतून हात हलवला: वेळ संपली. एक देखणी विरहाची लावणी ऐकून लोक चहाला उठले. पाऊस नाही, फाउंटन नाही, शेवटचं ‘पळू नका’ही नाही. अर्ध्यावर थांबवलं की दागिन्यांचं वचन मोडत नाही, ही त्यातली सोय.

कारण वचनांचं काम अजून चालूच आहे. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले, मॉल आले. १९९१च्या विकास नियमावलीत जमिनीच्या वाटणीचं जे ठरलं होतं, ते २००१मध्ये बदललं आणि कामगारांच्या घरांच्या वाट्याला येणारी जमीन आटली. घरासाठी अर्ज आले लाखाच्या वर; म्हाडाच्या सोडतीत आजवर निघाली ती घरं काही हजार. मग सरकार म्हणालं, मुंबईबाहेर शेलूला घ्या, वांगणीला घ्या. कामगार म्हणाले, गिरण्या शेलूला नव्हत्या.

घरांसाठी निघणाऱ्या मोर्च्यांना आझाद मैदानात जी माणसं येतात, त्यांत मूळ कामगार दरवर्षी कमी होत जातात. जागा भरतात त्या बायका, वारस म्हणून. रात्रीची एसटी किंवा पॅसेंजर पकडून आलेल्या, साठी-सत्तरीच्या. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत नवऱ्याचं हजेरीचं तिकीट, गेटपास, फंडाची पावती, वारसदाखला. पावसाळ्यात मोर्चा असला तर जवळ छत्रीही असते. बोलायला माइक दिला की बहुतेकजणी आधी गिरणीचं नाव सांगतात, मग खात्याचं, मग तिकीट नंबर. तो त्यांना तोंडपाठ असतो. मग त्या सरकारला उद्देशून जे बोलायचं ते बोलतात, आणि त्यात आडपडदा नसतो.